नाव नसलेल्या गावची जुनी वाइन

जुनी वाइन म्हटलं की लिलाव, पांढरे हातमोजे आणि भलेमोठे आकडे डोळ्यांसमोर येतात. फ्रान्समधल्या बोर्डो किंवा बर्गंडीच्या बाबतीत हे बरंचसं खरंही आहे. बोर्डोतल्या पहिल्या फळीच्या एखाद्या शातोची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या इस्टेटीची, तीस वर्षांपूर्वीची बाटली घ्यायची तर शेकडो युरो मोजावे लागतात. शिवाय मधल्या काळात ती किती हातांतून गेली, कुणाच्या गरम कपाटात किती उन्हाळे काढून आली, याची हमी क्वचितच मिळते.

त्याच युरोपात, पोर्तुगालच्या मधल्या पट्ट्यात, बाइरादा आणि दाँव असे दोन शेजारी प्रदेश आहेत. तिथली तीस-पस्तीस वर्षांची लाल वाइन शोधली तर पन्नास युरोंच्या आत मिळू शकते. दहा-बारा वर्षांची तर त्याहून बरीच खाली. एवढ्या पैशांत इतकं वय दुसरीकडे सहज मिळत नाही. आता एवढी स्वस्त आहे तर तिच्यात काहीतरी खोट असणार, अशी शंका येणं साहजिक आहे. कधीकधी खोट असतेही. पण स्वस्ताईचं मुख्य कारण बाटलीत नाही, इतिहासात आहे.

त्याआधी एक समज बाजूला ठेवायला हवा: वाइन जितकी जुनी तितकी चांगली. जगात बनणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवावी अशाच बेतानं बनवलेली असते. ती दहा वर्षं ठेवली तर मुरत नाही, नुसती मरते. मुरण्यासाठी वाइनच्या अंगात मुळातच काहीतरी जास्तीचं असावं लागतं. लाल वाइनमध्ये ते जास्तीचं म्हणजे तुरटपणा आणि आंबटपणा.

द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांतून टॅनिन नावाची तुरट द्रव्यं वाइनमध्ये उतरतात. मूठभर जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते आणि गाल आतून ओढल्यासारखे वाटतात, तेच काम इथे टॅनिन करतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. बाटलीत वर्षानुवर्षं पडून असताना टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात. काही गुंते इतके मोठे होतात की ते विरघळलेले राहू शकत नाहीत आणि खाली बसतात. जुन्या बाटलीच्या तळाला दिसणारा काळसर गाळ तो हाच. तुरटपणाची धार बोथट होते. रंग जांभळटाचा माणकासारखा लाल, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होत जातो. ताज्या फळांचा वास मागे पडतो. त्याच्या जागी सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, पावसानंतरची पानगळ, अळंबी असे वास येऊ लागतात.

आंबटपणा मात्र जवळपास होता तिथंच राहतो, हा सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल वयानुसार फारसं घटत नाही. त्यामुळे फळ ओसरल्यावर आणि तुरटपणा निवल्यावर वाइनला उभं धरतं ते आम्लच. ज्या वाइनमध्ये ते मुळात कमी, ती म्हातारपणी सपक लागते. उन्हाच्या प्रदेशातली, भरपूर पिकलेल्या द्राक्षांची, चौदा-पंधरा टक्के अल्कोहोलची लठ्ठ वाइन तरुणपणी फार मोहक असते. वीस वर्षांनी तिच्याशी बोलायला विषय उरत नाही.

बागा नावाचं हट्टी द्राक्ष

बाइरादा कोइंब्रा आणि आवेइरू या शहरांच्या मधल्या भागात येतो. अटलांटिक महासागर जवळ, जमीन चिकणमातीची आणि चुनखडीची. इथलं मुख्य लाल द्राक्ष बागा. गोव्याच्या बागा किनाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण नाव लक्षात राहायला तेवढा आधार पुरे. मणी बारीक, साल जाड, आणि पिकतं उशिरा. नेमका तेव्हाच समुद्रावरून पाऊस येतो. पावसानं घड सडतात, म्हणून शेतकरी घाबरून लवकर तोडणी करत. अर्धवट पिकलेल्या बागात आम्लही जास्त आणि तुरटपणाही जास्त. त्यात जुनी पद्धत अशी की घड देठासकट उघड्या दगडी हौदांत तुडवायचे आणि तसेच आंबवायचे. देठांचा तुरटपणा वर आणखी.

अशी वाइन पहिल्या पाच वर्षांत पिणं म्हणजे दातांना शिक्षा. दहा-पंधरा वर्षं थांबणं ही तिथल्या लोकांची रसिकता नव्हती, त्यांचा नाइलाज होता. मुरण्याची चैन करावी एवढा पैसा त्या गावांकडे कधीच नव्हता. द्राक्षच असं की थांबल्याशिवाय भागत नसे. म्हणून तळघरांत बाटल्या साचत गेल्या.

या प्रदेशाचं नशीबही जरा वाकडंच. १७५६मध्ये पोर्तुगालचे बलाढ्य मंत्री मार्किस द पोंबाल यांनी दोरू खोऱ्यातल्या पोर्ट या गोड वाइनच्या प्रदेशाची सीमा आखून दिली. पोर्टमध्ये बाहेरची वाइन मिसळली जाते म्हणून त्यांनी बाइरादातल्या वेली उपटण्याचा हुकूम काढला. वेली पुढे परत आल्या, पण अधिकृत वाइनप्रदेश म्हणून मान्यता मिळायला १९७९ उजाडावं लागलं. मधल्या काळात इथल्या बागाचा मोठा वाटा फेसाळ वाइनमध्ये गेला आणि जगभर खपलेल्या मातेउश रोझे या गुलाबी वाइनमध्येही गेला. त्या चपट्या, फुगीर बाटलीतून बाइरादा बऱ्याच घरांत पोचला, फक्त स्वतःच्या नावानं नाही.

१९८०च्या दशकात बाइरादातले वाइन उत्पादक लुईश पातू यांनी देठं काढून आंबवणं, पिकण्याची वाट पाहणं, लहान ओक पिंपं वापरणं असे बदल करून बागाला थोडी माणुसकी शिकवली. आता त्यांची मुलगी फिलिपा पातू आणि इतर काही जण बागाची अशी वाइन करतात जी पाच वर्षांतही पिता येते. मला ती आवडते. पण जुन्या, देठासकट आंबवलेल्या बागाची तीस वर्षांनंतरची चव वेगळीच असते आणि ती नव्या पद्धतीत तशीच्या तशी येत नाही, असं माझं मत आहे.

दाँव आणि सालाझारचा कायदा

दाँव बाइरादाच्या पूर्वेला आहे आणि स्वभावानं अगदी उलट. विझेउ शहराच्या आसपासचं हे पठार चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. पश्चिमेच्या कारामुलू आणि बुसाकूच्या रांगा समुद्राचा पाऊस अडवतात, तर आग्नेयेला सेर्रा दा इश्त्रेला हा मुख्य भूमीवरचा सर्वांत उंच डोंगर उभा आहे. खाली ग्रॅनाइट, वर पाइनची जंगलं आणि मधे मोकळ्या जागा सापडतील तिथं वेली. दिवस उबदार, रात्री गार, त्यामुळे द्राक्षं पिकतात तरी आम्ल हरवत नाही. द्राक्षं अनेक: तोरीगा नासिओनाल, अल्फ्रोशेरो, झाएन, तिंता रोरीश. ही सहसा एकमेकांत मिसळून वापरतात. १९०८मध्येच या प्रदेशाची सीमा आखली गेली, म्हणजे मान्यतेच्या बाबतीत दाँव शेजाऱ्याच्या सत्तर वर्षं पुढं.

तरीही नाव का झालं नाही? इथं पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार येतात. हे तेच, ज्यांनी गोव्याबद्दल वाटाघाटी करायला शेवटपर्यंत नकार दिला. त्यांच्या राजवटीत १९४०च्या दशकापासून दाँवमध्ये सहकारी वाइनरींना बळ दिलं गेलं आणि पुढं शेतकऱ्यांची द्राक्षं विकत घ्यायचा हक्क त्यांच्याच हाती एकवटला. खासगी व्यापाऱ्याला द्राक्षं घेता येईनात. त्यानं सहकारी संस्थेची तयार वाइन घ्यायची, मुरवायची आणि आपल्या नावानं विकायची. सहकाराच्या नावाखाली मक्तेदारी आली की काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. चांगल्या द्राक्षाला आणि वाईट द्राक्षाला भाव सारखाच, त्यामुळे मेहनत घ्यायचं कारणच उरलं नाही. बऱ्याच सहकारी वाइनरींची वाइन कडक आणि निर्जीव असे. १९८६मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर काही वर्षांत ही मक्तेदारी मोडली, पण तोपर्यंत दाँवची ओळख ‘कोरडी, कठीण वाइन’ अशी होऊन बसली होती.

याच जाचक व्यवस्थेची एक बाजू आज आपल्या पथ्यावर पडते. व्यापाऱ्यांचं सगळं कसब निवडण्यात आणि मुरवण्यात होतं. ज्यांची जीभ चांगली होती त्यांनी सहकारी टाक्यांतून उत्तम माल हुडकला आणि तळघरात ठेवला. काव्हश सांव जुआंव ही १९२०मध्ये सुरू झालेली बाइरादातली कंपनी त्यांतली सर्वांत माहितीची. (सांव जुआंवच्या सणाला गोव्यात लोक विहिरीत उड्या मारतात, तोच हा संत.) त्यांची बाइरादाची वाइन ‘फ्रेई जुआंव’ नावानं निघते आणि दाँवची ‘पोर्ता दुश काव्हालेइरुश’ नावानं. दुसरीच्या जुन्या निवडक बाटल्यांवर कागदाऐवजी बुचाच्या पातळ पत्र्याचं लेबल असे. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांतल्या त्यांच्या बाटल्या अजूनही बाजारात दिसतात. मुख्य म्हणजे त्यांतल्या बऱ्याच, विक्रीला येईपर्यंत मूळ तळघरातून हललेल्याच नसतात.

दोन्ही प्रदेशांची गाठ पडते ती बुसाकूच्या जंगलात. तिथल्या राजवाड्यासारख्या हॉटेलात बाइरादाचा बागा आणि दाँवची तोरीगा एकत्र करून शंभरएक वर्षं वाइन बनवली जाते आहे. याच डोंगरावर सप्टेंबर १८१०मध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टननं नेपोलियनच्या फौजेला थोपवलं. त्याच्या सात वर्षं आधी, सप्टेंबरमध्येच, त्याच माणसानं आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली होती. बुसाकूची जुनी वाइन मात्र आता पुरेशी प्रसिद्ध झाली आहे, त्यामुळे ती या लेखाच्या खिशात बसत नाही.

तर स्वस्ताईचं कारण असं. बोर्डोची वाइन पिंपात असतानाच आगाऊ विकली जाते, समीक्षकांनी तिला दिलेले गुण छापून येतात, ती गुंतवणूक म्हणून हात बदलते आणि प्रत्येक हात किंमत चढवतो. दाँव-बाइरादाच्या जुन्या बाटलीत कुणी पैसे गुंतवलेले नसतात. द्राक्षांची नावं परक्यांना उच्चारता येत नाहीत, उत्पादकांची तर त्याहून नाही. पोर्तुगालचं नाव निघालं की जगाला गोड पोर्टच आठवते. आपल्याकडे तर गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन पिऊन लोक पोर्तुगालचं मत बनवतात, जिचा दोरू खोऱ्याशी काडीचा संबंध नाही.

बाटली निवडणं, उघडणं, चाखणं

लेबलवर दोन शब्द शोधावेत. ‘गर्राफेइरा’ लिहिलेली लाल वाइन विक्रीपूर्वी कायद्यानं किमान तीस महिने मुरवलेली असते, त्यांतले किमान बारा महिने बाटलीत. ‘रेझेर्व्हा’ला मुरण्याची अशी मोठी अट नाही, अल्कोहोल थोडं जास्त असावं लागतं आणि चव चांगली ठरावी लागते. वर्षांपैकी १९८५ आणि २०११ ही वर्षं पोर्तुगालभर चांगली मानली जातात. १९९३ मात्र पावसानं धुऊन नेलं, त्या वर्षाची बाटली फुकट मिळाली तरच घ्यावी.

वर्षापेक्षा बाटलीतली पातळी जास्त बोलते. बाटली उभी धरून उजेडासमोर बघायची. तीस वर्षांच्या वाइनची पातळी मानेत किंवा मानेच्या किंचित खाली असेल तर ठीक. खांद्यापर्यंत उतरली असेल तर तेवढी हवा आत गेली आहे, पैसे वाचवावेत. बूच वर फुगून आलेलं असेल किंवा त्याच्याभोवती वाइन झिरपल्याचे डाग असतील, तर बाटली कधीतरी तापलेली असण्याची शक्यता मोठी.

घरी आणल्यावर बाटली एक दिवस उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाला जातो. जुनं बूच हा खरा कसोटीचा भाग. नेहमीचा स्क्रू घुसवला की ते मधोमध तुटतं किंवा भुगा होऊन आत पडतं. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो, तो बूच आणि काचेच्या मधून दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकवायचा आणि पिळत पिळत वर काढायचा. तरीही भुगा पडलाच तर चहाची स्वच्छ, बिनवासाची गाळणी कामाला येते.

मग ओतणं. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली ठेवायचा आणि वाइन एका धारेत, न थांबता, दुसऱ्या भांड्यात घ्यायची. मानेतून जाणारी धार आधी स्वच्छ लाल दिसते. शेवटी धुरासारखी एक काळी रेघ सरकत येते. ती दिसली की थांबायचं. दोन बोटं वाइन वाया जाते, तेवढी जाऊ द्यावी, कारण गाळ कडू लागतो आणि उरलेल्या वाइनची चव घालवतो.

पहिला वास बहुतेक वेळा निराश करतो. बंद खोलीचा, जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांचा, कधी काडी ओढल्यासारखा वास येतो. पुष्कळ लोक इथेच ‘गेली’ म्हणून वाइन ओतून देतात. दहा-पंधरा मिनिटं थांबावं. मी चाखलेली १९८५ची एक दाँव पहिल्या घोटाला निव्वळ आंबट पाणी वाटली होती. पंधरा मिनिटांनी तिला चेरीचा, सुक्या संत्र्याच्या सालीचा आणि पाइनच्या चिकाचा वास येऊ लागला. तुरटपणा इतका महीन झाला होता की गिळल्यानंतर जिभेच्या कडेला थोडासाच जाणवला. पाऊण तास तिनं असं उत्तम काढलं, मग हळूहळू विझत गेली. तिच्या शेजारी ठेवलेली, तिच्याहून दहा वर्षांनी लहान बागा मात्र तासाभरानंतर कुठं हसायला लागली आणि जेवण संपेपर्यंत वाढतच गेली. म्हणून सरधोपट नियम असा: जुनी दाँव ओतली की लगेच चाखायला घ्यावी, जुनी बागा दोन तास आधी उघडली तरी चालते. पन्नाशी गाठलेली कुठलीही वाइन मात्र उघडून ताटकळत ठेवू नये.

काही वास थांबूनही जात नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या तळघराचा वास म्हणजे बुचातून आलेला टीसीए नावाचा रेणू. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, आणि हवा लागली की वाढतोच. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे जिवाणूंनी अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करायला घेतलं. थोडासा असेल तर जुन्या वाइनला एक उठाव देतो, जास्त असेल तर विषय संपला. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग हे हवेचं काम. तबेल्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास हा ब्रेट नावाच्या यीस्टचा. यावर जाणकारांत भांडणं आहेत. जुन्या बाइरादात तो थोडासा असला तर मला चालतो, माझ्या घरच्यांना अजिबात नाही.

स्वस्त जुनी वाइन घेताना हा जुगार धरूनच चालावं. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या तीस वर्षांनी सारख्या राहत नाहीत, कारण प्रत्येक बूच वेगळं असतं. परवडत असेल तर दोन घ्याव्यात. पांढरी दाँवही विसरू नये. एंक्रुझादो या द्राक्षाची वाइन दहा-पंधरा वर्षांत मेण, मध आणि बदामाकडे जाते, आणि जुनी पांढरी म्हणून गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नाही, त्यामुळे ती आणखी स्वस्त.

सोबत काय खावं याचं उत्तर त्या गावांनीच देऊन ठेवलं आहे. बाइरादात, विशेषतः मेआल्यादा गावात, भट्टीत भाजलेलं डुकराचं पिल्लू हे मुख्य पक्वान्न. कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत भरपूर चरबी आणि मिरी-लसणाचा मसाला. चरबीनं बागाचा तुरटपणा निवतो आणि बागाच्या आंबटानं चरबी कापली जाते. दाँवबरोबर सेर्रा दा इश्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज खातात, जे रेनेट या प्राण्यांच्या जठरातल्या विरजणाऐवजी एका काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात. आपल्या जेवणात भाजलेलं मटण, कमी तिखटाची अळंबीची भाजी, तूप सोडलेली साधी खिचडीसुद्धा जुन्या दाँवला सांभाळून घेते. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासमोर मात्र तिला बसवू नये. मिरचीच्या जाळापुढे ते सगळे नाजूक वास एका घासात दिसेनासे होतात.

आता व्यवहार. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, वर राज्याचं उत्पादनशुल्क वेगळं. त्यामुळे जिची सगळी गंमत स्वस्त असण्यात आहे, ती वाइन इथं पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही, आणि जुन्या वर्षांच्या बाटल्या मागवायच्या भानगडीत आयातदार सहसा पडत नाहीत. लिस्बन, कोइंब्रा किंवा पोर्तूला जाणं झालं तर मात्र जुन्या वाइन दुकानात मागच्या फळीवर काय आहे ते नक्की विचारावं. लंडन, ॲमस्टरडॅमकडे राहणाऱ्यांना ऑनलाइन लिलावांतही या बाटल्या मिळतात, कारण तिथं त्यांच्यावर बोली लावणारे कमी.

आणि पुण्या-मुंबईच्या घरात तरुण बाइरादा आणून वीस वर्षं मुरवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. वाइनला बारा-चौदा अंश तापमान लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, आणि बाटली मुरण्याऐवजी शिजते. दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये, वरच्या दिव्याच्या उजेडात उभी ठेवलेली बाटली दोन मे महिने काढते, तिसरा नाही. प्रवासातून एखादी आणलीच असेल तर सामानाच्या धक्क्यांतून सावरायला तिला दोन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी, आदल्या दिवशी उभी करावी आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत उघडून टाकावी.